यादव, गणपती दादासाहेब

यादव, गणपती दादासाहेब : (१४ सप्टेंबर १९५२ – ). भारतीय रसायन अभियंते, अध्यापक व संशोधक. उत्प्रेरण, हरित रसायनशास्त्र आणि पाण्यापासून हायड्रोजन मिळविण्याच्या ऊष्मारासायनिक व विद्युत् रासायनिक पद्धती या विषयांवरील संशोधनासाठी प्रसिद्ध. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे) ते २००९–१९ या काळात कुलगुरू होते.

त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाडा या गावी झाला. उच्च शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात झाले. तेथून त्यांनी रसायन अभियांत्रिकीची पदवी (१९७४) व त्यानंतर तंत्रविद्येतील पीएच्. डी. पदवी (१९८०) संपादन केली. पुढे त्याच ठिकाणी ते अध्यापक झाले व त्यांची जवळजवळ सर्व कारकीर्द माटुंग्याच्या त्या आवारातच गेली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली शंभराहून अधिक विद्यार्थ्यांनी डॉक्टरेट मिळविली आहे.

या संस्थेचा थोडा परिचय येथे आवश्यक आहे, कारण यादवांच्या संशोधनाची जातकुळी तिच्या घडणीतून आलेली आहे. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये हा विभाग स्थापन केला, तेव्हा त्यापुढे मुंबईच्या कापडगिरण्यांची रंगाई आणि धुलाई हे प्रत्यक्ष प्रश्न होते. नंतर रंगद्रव्ये, औषधे, तेले व सुगंधी द्रव्ये यांच्या कारखान्यांनी तेथील प्रयोगशाळांना विषय पुरविले. १९६० नंतर मनमोहन शर्मा यांच्या प्रभावाने वायू व द्रव यांच्या सीमेवर घडणाऱ्या विक्रियांचा वेग मोजणे व त्यावरून संयंत्राचे आकारमान ठरविणे, ही संशोधनपद्धती तेथे रुजली. २००२ मध्ये विभागाला स्वायत्त संस्थेचे रूप मिळाले व २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. या दर्जानंतरचे पहिले कुलगुरू यादव होत. भुवनेश्वर व जालना येथील संस्थेची केंद्रे त्यांच्या कारकीर्दीत, २०१८ मध्ये सुरू झाली.

यादवांचे आरंभीचे महत्त्वाचे काम प्रावस्था-संक्रमण उत्प्रेरणावरील आहे. पाण्यात विरघळणारे लवण आणि तेलासारखा कार्बनी पदार्थ यांच्यात विक्रिया घडवावयाची असली, तर दोघांची भेटच होत नाही ही मुख्य अडचण असते. चतुर्थक अमोनियम लवणासारखा एखादा पदार्थ अल्प प्रमाणात घातला, तर तो लवणातील ऋण आयन बरोबर घेऊन कार्बनी थरात जातो, तेथे विक्रिया घडते व तो दुसरा आयन घेऊन परत येतो. नदीच्या दोन काठांमधील नावाड्याचेच हे काम आहे. बेंझिल क्लोराइड व घन सोडियम ॲसिटेट यांच्यातील अशा विक्रियेच्या वेगाचा अभ्यास यादव व शर्मा यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. या विक्रियेने मिळणारे बेंझिल ॲसिटेट हे जाईच्या फुलांच्या सुवासातील एक घटक असून सुगंधी द्रव्यांत त्याचा वापर होतो. हा नावाडी विक्रियेनंतर परत कसा मिळवावयाचा, हा प्रश्न मात्र उरतो. लवणाचे प्रमाण वाढविल्यास कधीकधी पाणी व तेल यांच्या मधे एक तिसरा द्रव थर तयार होतो व बहुतेक उत्प्रेरक त्यातच गोळा होतो. हा थर वेगळा काढून पुन्हा वापरता येतो. यादव व त्यांचे विद्यार्थी यांनी अशा त्रिद्रव पद्धतींचा पद्धतशीर अभ्यास केला.

घन अम्लांवरील त्यांचे कार्य याहून अधिक परिचित आहे. ॲल्युमिनियम क्लोराइड, सल्फ्यूरिक अम्ल व हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल हे कार्बनी रसायन उद्योगातील जुने व स्वस्त उत्प्रेरक होत. परंतु त्यांना उत्प्रेरक म्हणणे काही ठिकाणी सौजन्याचेच आहे. फ्रीडेल–क्राफ्ट्‌स ॲसिलीकरणात ॲल्युमिनियम क्लोराइड विक्रियाकारकापेक्षाही अधिक प्रमाणात लागते. शेवटी पाणी घालून ते नष्ट करावे लागते व त्याचे अम्लयुक्त लवणद्रव्य गटारात किंवा शुद्धीकरण संयंत्रात जाते. रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये मांडलेल्या मापनानुसार दर किग्रॅ. उत्पादनामागे मोठ्या प्रमाणावरील रसायनांत १ ते ५ किग्रॅ. पर्यंत, सूक्ष्म रसायनांत ५ ते ५० किग्रॅ. आणि औषधांत २५ ते १०० किग्रॅ. किंवा त्याहूनही अधिक टाकाऊ द्रव्य निर्माण होते. ठाणे–बेलापूर, तारापूर, पाताळगंगा, लोटे–परशुराम हे महाराष्ट्रातील रसायन उद्योगाचे पट्टे मुख्यतः सूक्ष्म रसायने व औषधे यांचे आहेत. त्यामुळे हे आकडे येथील नद्या व खाड्या यांना थेट लागू पडतात.

विरघळणारे अम्ल काढून त्याच्या जागी गाळून परत घेता येईल असे घन अम्ल वापरणे, हा यावरील एक उपाय होय. झिर्कोनियावर सल्फेट बसविले की अतिशय प्रबळ अम्लता असलेला घन पदार्थ मिळतो, हे आधी माहीत होते. यादवांनी सल्फेटाचा स्रोत म्हणून क्लोरोसल्फॉनिक अम्ल वापरून अशा झिर्कोनियात गंधकाचे प्रमाण बरेच वाढविले व तरीही त्याची स्फटिकरचना टिकवून धरली. या मालिकेतील उत्प्रेरकांना त्यांनी विभागाच्या जुन्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘यूडीकॅट’ हे नाव दिले. माँटमोरिलोनाइट मृत्तिकेवर सीझियमयुक्त टंगस्टोफॉस्फोरिक अम्ल बसवून केलेले उत्प्रेरक हीदेखील त्यांची देणगी आहे. सल्फेटयुक्त झिर्कोनियाच्या औद्योगिक उपयोगांविषयी त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९९९ मध्ये लिहिलेला समीक्षात्मक निबंध या क्षेत्रात आजही संदर्भासाठी वापरला जातो [⟶ उत्प्रेरण].

या सर्व कामांत एकच विचार आहे : विक्रियेत जे खर्ची पडत नाही ते परत आले पाहिजे. हायड्रोजनाच्या प्रश्नाकडे यादव वळले तेव्हाही त्यांनी हाच विचार पुढे नेला. फरक एवढाच, की येथे परत आणावयाचा पदार्थ काही ग्रॅम उत्प्रेरक नसून कित्येक किग्रॅ. तांबे आहे.

हायड्रोजनाचा प्रश्न : खनिज तेल शुद्धीकरण व खतनिर्मिती या उद्योगांना लागणारा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूवर वाफेची विक्रिया करून मिळवितात. या पद्धतीत दर किग्रॅ. हायड्रोजनामागे सु. ९ ते १० किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. पाण्याचे विद्युत् विच्छेदन केल्यास हा दोष राहत नाही. मात्र वीज फार लागते. किती लागते याचा हिशोब फॅराडे यांच्या नियमांवरून सहज करता येतो. हायड्रोजनाचा एक रेणू मुक्त होण्यास दोन इलेक्ट्रॉन लागतात. त्यावरून एक किग्रॅ. हायड्रोजनासाठी घटावरील दर व्होल्टमागे सु. २६·६ किलोवॉट-तास (घरगुती मापकावरील २६·६ युनिटे) ऊर्जा खर्च होते, असे निघते. पाण्याच्या विघटनास सैद्धांतिक दृष्ट्या किमान १·२३ व्होल्ट व बाहेरून उष्णता न पुरविल्यास १·४८ व्होल्ट दाब लागतो. उद्योगातील घट १·८ ते २ व्होल्टच्या आसपास चालतात. म्हणजे एका किग्रॅ.स ४८ ते ५३ युनिटे वीज लागते. ही वीज दगडी कोळशापासून निर्माण केलेली असेल, तर कार्बन डाय-ऑक्साइडाचा उगम केवळ कारखान्यातून वीजकेंद्राकडे सरकतो.

विजेऐवजी उष्णतेने पाणी फोडावयाचे तर २,०००° से. पेक्षाही जास्त तापमान लागते व तयार झालेले दोन्ही वायू त्या तापमानात वेगळे करणे जवळजवळ अशक्य असते. यासाठी मधे काही रासायनिक पदार्थ घालून काम टप्प्याटप्प्याने करण्याच्या ऊष्मारासायनिक चक्रांची कल्पना पुढे आली. यांपैकी गंधक–आयोडीन चक्रास सु. ८५०° से. तापमान लागते. तांबे–क्लोरीन चक्राचे काम सु. ५३०° से. पर्यंतच्या तापमानात होते. पण त्यात एक टप्पा विजेचा ठेवावा लागतो. विद्युत् विच्छेदनाची जोड असलेले असे तांबे–क्लोरीन चक्र डोकिया व कोटेरा या जपानी संशोधकांनी १९७६ मध्ये सुचविले होते. पुढे अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे, विशेषतः अणुभट्टीतील उष्णता वापरण्याच्या दृष्टीने, त्यावर बरेच काम झाले. भारतात तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचे ऊर्जा केंद्र व रसायन तंत्रज्ञान संस्था यांनी मिळून ते हाती घेतले व संस्थेतील कामाचे नेतृत्व यादवांकडे होते.

चक्राचे टप्पे : हे चक्र चार विक्रियांत सांगता येते. तांब्याची भुकटी व हायड्रोजन क्लोराइड वायू यांची सु. ४५०° से. ला विक्रिया होऊन क्युप्रस क्लोराइड तयार होते व हायड्रोजन मुक्त होतो. क्युप्रस क्लोराइडाचे विद्युत् विच्छेदन करून अर्धे तांबे धातुरूपात परत मिळवितात; राहिलेल्याचे क्युप्रिक क्लोराइड होते. हे क्युप्रिक क्लोराइड वाळवून त्यावर सु. ४००° से. ला वाफ सोडली की तांब्याचे ऑक्सिक्लोराइड व हायड्रोजन क्लोराइड मिळतात. शेवटी ऑक्सिक्लोराइड ५००° ते ५३०° से. पर्यंत तापविले असता ऑक्सिजन निघून जातो व पुन्हा क्युप्रस क्लोराइड उरते. सर्व टप्प्यांची बेरीज केली, तर आत फक्त पाणी गेले व हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर आले. तांबे व क्लोरीन जेथल्या तेथे राहतात. व्यापक अर्थाने तांबे हे या चक्राचे उत्प्रेरकच म्हणावे लागेल.

यातील विद्युत् रासायनिक टप्पा सर्वांत नाजूक आहे व अभियंत्याच्या दृष्टीने सर्वांत मनोवेधकही. क्युप्रस क्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तीव्र हायड्रोक्लोरिक अम्लात मात्र ते जटिल आयनांच्या रूपात विरघळते. असा विद्राव घटात घेतल्यावर ऋणाग्रावर तांब्याचे निक्षेपण होते व धनाग्रावर क्युप्रस आयनांचे ऑक्सिडीकरण होऊन क्युप्रिक आयन बनतात. क्युप्रिक आयन ऋणाग्राकडे पोहोचले, तर ते नुकतेच साचलेले तांबे पुन्हा विरघळवितात व दिलेली वीज वाया जाते. म्हणून दोन्ही कक्षांच्या मधे निवडक आयनांनाच वाट देणारे पटल बसवावे लागते आणि तांब्याचे आयन या पटलात शिरून साचू नयेत याचीही काळजी घ्यावी लागते. शिवाय ऋणाग्रावर बसणारे तांबे विलेपनातील तांब्यासारखे चकचकीत व घट्ट असून चालत नाही. पहिल्या टप्प्यात वायूशी विक्रिया पुरी व्हावयाची, तर ते बारीक, सुटसुटीत भुकटीच्या रूपात मिळाले पाहिजे व ऋणाग्रावरून सतत सुटून निघाले पाहिजे. नेहमीचे विलेपन करणारा कारागीर ज्या निक्षेपास खराब म्हणेल तोच येथे हवा असतो. विद्युत् प्रवाहाची घनता, अम्लाची तीव्रता, विद्रावाचा वेग व ऋणाग्राची रचना यांवर भुकटीचे रूप अवलंबून असते. या चक्रासाठी आखलेल्या विद्युत् रासायनिक घटाचे एकस्व संस्थेने अमेरिकेतही मिळविले आहे.

या टप्प्याचा लाभ आकड्यांत असा आहे. येथेही दर हायड्रोजन रेणूमागे दोनच इलेक्ट्रॉन लागतात. त्यामुळे वर सांगितलेला व्होल्टमागे २६·६ युनिटांचा हिशोब तसाच लागू पडतो. घट ०·५ ते ०·७ व्होल्ट दाबाने चालविता आला, तर एका किग्रॅ. हायड्रोजनास १३ ते १९ युनिटे वीज पुरेल. बाकीचा भार उष्णतेने उचलावयाचा असतो. ती सूर्यकिरण एकवटून, अणुभट्टीतून किंवा एखाद्या कारखान्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून मिळू शकते.

पण या लाभाची किंमतही मोजली पाहिजे व ती लोकप्रिय वर्णनांत बहुधा सांगितली जात नाही. अणुभारांवरून हिशोब केला असता, एक किग्रॅ. हायड्रोजन मिळविण्यासाठी सु. ९ किग्रॅ. पाणी लागते, परंतु त्यासाठी चक्रातून सु. ६३ किग्रॅ. तांबे, ३६ किग्रॅ. हायड्रोजन क्लोराइड, १९६ किग्रॅ. क्युप्रस क्लोराइड व १३३ किग्रॅ. क्युप्रिक क्लोराइड फिरवावे लागते. हे सर्व पदार्थ कधी विद्राव, कधी कोरडी भुकटी, तर कधी वितळलेला द्रव अशा रूपांत एका पात्रातून दुसऱ्या पात्रात न्यावयाचे असतात. क्युप्रस क्लोराइड सु. ४३०° से. ला वितळते व थंड भागात पोहोचले की गोठून नळ्या तुंबवू शकते. विद्राव वाळविताना पाणी उडविण्यास बरीच उष्णता जाते. तिसऱ्या टप्प्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त वाफ द्यावी लागते. ती कमी पडली तर क्युप्रिक क्लोराइड स्वतःच विघटन पावून क्लोरीन वायू सोडते व चक्राचा हिशोब बिघडतो. तप्त हायड्रोजन क्लोराइड, वाफ व ऑक्सिजन यांच्यापुढे साधे पोलाद टिकत नाही. सैद्धांतिक गणितांत या चक्राची कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या आसपास येते. ती प्रत्यक्षात किती उरते हे पंप, उष्णता-विनिमयक व पात्रांचे अस्तर यांवर ठरते.

यादवांच्या गटाने प्रत्येक टप्प्याच्या विक्रियेचा वेग स्वतंत्रपणे मोजला व नंतर सर्व टप्पे एकत्र जोडून बंद चक्र प्रयोगशालेय प्रमाणावर चालविले. कागदावर पूर्ण दिसणारी अशी अनेक चक्रे १९७० नंतरच्या दशकात सुचविली गेली होती. त्यांपैकी फारच थोडी प्रयोगशाळेत पूर्ण फिरविली गेली. ही गोष्ट लक्षात घेता, या कामाचे महत्त्व आकडेवारीपेक्षा अधिक आहे. मोठ्या प्रमाणावरील व्यापारी संयंत्र मात्र अद्याप कोठेही उभे राहिलेले नाही. दरम्यान परिस्थितीही बदलली. हे चक्र सुचविले गेले तेव्हा वीज ही महाग व उष्णता ही तुलनेने स्वस्त मानली जात होती. २०१० नंतर भारतात सौर विजेचे दर झपाट्याने उतरले व पाण्याच्या सरळ विद्युत् विच्छेदनाची बाजू बळकट झाली. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचे २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे व त्यात मुख्य भिस्त विद्युत् विच्छेदनावर आहे. केवळ वरील हिशोब धरला, तरी या उद्दिष्टास २४,००० ते २६,५०० कोटी युनिटे वीज दरवर्षी लागेल. एवढी वीज अन्य ग्राहकांच्या वाट्यातून न काढता उभी करणे सोपे नाही. तेव्हा विजेचा वाटा एक-तृतीयांशावर आणणारी पद्धती सोडून देण्याजोगी नाही. मात्र तांब्याची ने-आण सोपी झाल्याशिवाय ती स्पर्धेत टिकणारही नाही.

सौर उष्णता व सौर वीज या दोन्ही सूर्यास्तानंतर थांबतात. त्यामुळे हायड्रोजनाबरोबर ऊर्जा साठविण्याचा प्रश्नही येतो व विद्युत् रसायनशास्त्राची ही दुसरी शाखा यादवांच्या मूळ जिल्ह्यातच वाढली आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) भौतिकी विभागात चंद्रकांत लोखंडे व त्यांचे सहकारी यांनी धातूंची सल्फाइडे व ऑक्साइडे यांची पातळ पटले साध्या रासायनिक विद्रावांतून, कमी तापमानात बसविण्याच्या पद्धती विकसित केल्या. काचेची किंवा धातूची पट्टी आळीपाळीने दोन विद्रावांत बुडवून पटल वाढविण्याची पद्धत त्यांपैकीच एक होय. त्यावरील एक समीक्षात्मक निबंध या गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. निर्वात पंप किंवा महागडी भट्टी यांची गरज नसल्याने मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळेला ही पद्धत परवडते. पुढे याच पटलांचा उपयोग महाधारित्रांच्या विद्युत् अग्रांसाठी करण्यात आला. महाधारित्रात विद्युत् भार अग्राच्या पृष्ठावर किंवा पृष्ठालगत साठविला जातो. म्हणून ते घटापेक्षा जलद भारित होते, मात्र त्यात ऊर्जा कमी मावते. मुंबईतील काम रसायन अभियांत्रिकीचे व कोल्हापुरातील भौतिकीचे असले, तरी विद्रावातून हव्या त्या रूपात निक्षेप मिळविणे हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे [⟶ विद्युत् रसायनशास्त्र].

हायड्रोजनाचा वापर इंधन म्हणून करण्यापेक्षा रासायनिक कच्चा माल म्हणून करण्यावर यादवांचा भर दिसतो. कारखान्यांच्या धुराड्यातील कार्बन डाय-ऑक्साइडाची हायड्रोजनाशी उत्प्रेरकावर विक्रिया केल्यास मिथेनॉल व त्यापासून डायमिथिल ईथर मिळते. डायमिथिल ईथर डीझेल किंवा स्वयंपाकाचा वायू यांना पूरक म्हणून वापरता येते. या विक्रियांसाठी लागणारे उत्प्रेरक, तसेच शेतातील टाकाऊ पदार्थांपासून रसायने मिळविण्याच्या पद्धती यांवरही त्यांनी संशोधन केले आहे. कार्बन डाय-ऑक्साइड हा टाकाऊ पदार्थ नसून कच्चा माल आहे, ही त्यांची भूमिका आकर्षक असली, तरी तिचे सर्व गणित हायड्रोजनाच्या किंमतीवर उभे आहे. एक टन मिथेनॉल या मार्गाने तयार करण्यास सु. १९० किग्रॅ. हायड्रोजन लागतो.

भारत शासनाने त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री देऊन गौरविले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर त्यांची निवड झाली. कुलगुरुपदाची मुदत २०१९ मध्ये संपल्यानंतरही त्यांनी माटुंग्याच्या संस्थेतील संशोधन पुढे चालू ठेवले.